एअर रायफलचे छर्रे आम्ही मिळून कसे निवडतो

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाच्या ठिपक्याचा व्यास 0.5 मिलिमीटर असतो आणि छर्रा असतो 4.5 मिलिमीटरचा. 2013 च्या आधी पात्रता फेरीत त्या ठिपक्याला छर्र्याची कड नुसती शिवली तरी पूर्ण दहा गुण मिळायचे. त्या वर्षापासून दशांशात गुण मोजायला लागले, साठ शॉटची कमाल 600 वरून 654 झाली आणि 10.0 व 10.9 यांच्यातला फरक निकालात दिसायला लागला. रेंजवर साहित्याच्या गप्पा आधीही व्हायच्या, पण स्टॉक (रायफलीचा दस्ता), बट प्लेट (दस्त्याचा खांद्याला टेकणारा भाग), जॅकेट यांच्या बरोबरीने छर्र्यांची बॅच, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेला लॉट, हा विषय तेव्हापासून खूप वर आला.

या गप्पांमध्ये मतं भरपूर असतात. कुणी आरडब्ल्यूएसच्या आर-10 वर ठाम असतो, कुणी एच अँड एनच्या फिनाले मॅचवर, कुणी क्यूवायएसवर. अडचण अशी, की एकाच कंपनीचे, एकाच नावाचे आणि एकाच मापाचे छर्रेसुद्धा वेगवेगळ्या बॅचमध्ये वेगळे वागतात. छर्रे साच्यात दाबून घडवतात, साचे झिजतात, बदलले जातात. त्यात प्रत्येक बॅरलचा आतला व्यास आणि तोंडाकडची घडण किंचित वेगळी असते. म्हणून ‘अमुक कंपनीचे छर्रे चांगले’ या वाक्यातून फारसं काही हाती लागत नाही. ‘अमुक बॅच अमुक रायफलीत इतका ग्रुप देते’ हे मात्र उपयोगाचं असतं (ग्रुप म्हणजे लागलेल्या शॉटांचा फैलाव), आणि ते कळायला कार्डावर भोकं पाडून मोजावी लागतात. हे काम एकट्याने नीट होत नाही. आम्ही चौघं-पाचजण एकत्र बसून करतो.

आधी थोडं गणित, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. टार्गेटवर एका दशांशाची पायरी केंद्रापासून 0.25 मिलिमीटरची असते. छर्र्याचं केंद्र टार्गेटच्या केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत असेल तर 10.9, अडीच मिलिमीटरवर असेल तर 10.0. आता व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या पक्क्या पकडीत, बांधलेल्या रायफलीचा दहा शॉटचा ग्रुप बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत 7 मिलिमीटर भरला असं धरा. त्यातून 4.5 वजा केले की केंद्रांमधलं सर्वात मोठं अंतर 2.5 उरतं. ग्रुप मधोमध बसलेला असेल तर छर्र्यामुळे शॉट ढोबळमानाने 10.5 च्या खाली जाणार नाही. ग्रुप 8.5 मिलिमीटरचा असेल तर नेमबाजाकडून काहीही न चुकता 10.2 लागू शकतो.

तयारी आदल्या दिवशी सुरू होते. ज्या रायफलीची चाचणी आहे तिचे स्टॉकचे बोल्ट निर्मात्याने सांगितलेल्या टॉर्कला आवळून घ्यायचे. बॅरल साफ करायची तर तीही आदल्याच दिवशी, फेल्टच्या गोळ्या ब्रीचच्या, म्हणजे छर्रा भरायच्या बाजूने घालून. साफ केलेली बॅरल पहिल्या काही शॉटना वेगळी वागते. आत शिशाचा पातळ थर पुन्हा बसेपर्यंत ग्रुप सरकत राहतो. चाचणीच्या सकाळी बॅरल साफ करून लगेच मोजायला बसलं, तर यादीतली पहिली बॅच विनाकारण वाईट ठरते.

रायफलीचा हवेचा सिलिंडर 200 बार दाबाचा असेल तर पूर्ण भरून आणायचा, पण सावकाश भरायचा. घाईने भरला की हवा तापते, गेज 200 दाखवतं आणि थंड झाल्यावर काटा खाली आलेला असतो. भरण्याच्या जोडणीला तेल किंवा साधं ग्रीस कधीच लावू नये, कारण जास्त दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. सिलिंडरवरची तारीखही तेव्हाच वाचून घ्यावी. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमानुसार निर्मितीपासून दहा वर्षांनंतर तो स्पर्धेत चालत नाही, आणि तारखेची जबाबदारी नेमबाजाचीच असते. आमच्यातला कुणीतरी जादा सिलिंडर आणि अडॅप्टर घेऊन येतोच. प्रत्येक कंपनीच्या अडॅप्टरचे आटे वेगळे, त्यामुळे कुणाकडे कोणता आहे हे सगळ्यांना पाठ असतं.

छर्र्यांच्या चाचणीआधी क्रोनोग्राफ (छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र) लावतो. मॅच रायफलीचा वेग सेकंदाला साधारण 170 मीटर असतो. दहा मीटर पार करायला छर्र्याला सेकंदाचा सतरावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात तो सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो. वेगात 3 मीटरचा फरक पडला तर टार्गेटवर उभा फरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, म्हणजे दोन दशांशांहून अधिक. म्हणून सलग दहा शॉटचा वेग 2 ते 3 मीटरच्या पट्ट्यात राहतो का ते पाहायचं, आणि त्यानंतर रायफल दहा मिनिटं तशीच ठेवून एक शॉट मारायचा. हा शॉट आधीच्यांपेक्षा स्पष्टपणे वेगवान निघाला तर रेग्युलेटरची (प्रत्येक शॉटला सारखा दाब देणाऱ्या भागाची) सीट गळते आहे आणि थांबलेल्या वेळात दाब वर चढतो आहे असं समजावं. अशा रायफलीवर छर्र्यांची चाचणी करणं म्हणजे वेळ वाया घालवणं. आधी सील बदलून घ्यावं.

मग व्हाइस. यावर सर्वात जास्त चर्चा होते आणि व्हायलाही हवी, कारण चाचणीतल्या बहुतेक चुका इथेच होतात. टेबल जड हवं आणि त्याचे पाय पक्क्या फरशीवर टेकलेले हवेत. टेबलावर कुणी कोपर टेकायचं नाही, चहाचा कपही ठेवायचा नाही. रायफल बॅरलला धरून आवळू नये. बॅरल दाबाखाली आली की तिचा ताण बदलतो आणि शॉटगणिक ग्रुप सरकतो. शक्य असेल तर स्टॉक काढून ॲक्शनला (बॅरल आणि ट्रिगर जोडलेल्या धातूच्या मुख्य भागाला) धरणारा जबडा वापरावा. स्टॉकसकट बांधायचीच वेळ आली तर स्टॉक आणि दोन्ही टेकू यांच्या मध्ये टणक रबर घालावं. मऊ फोम चालत नाही, कारण तो प्रत्येक शॉटनंतर आधीच्या जागी परत येत नाही. बांधून झाल्यावर छर्रा भरायची लिव्हर उघडून-बंद करून पाहायची आणि साइटमधून चित्र जागचं हललं का ते तपासायचं. लिव्हरच्या झटक्याने रायफल हलत असेल तर व्हाइसची मोठी सैल जागा कुठेतरी राहिलेली आहे.

बांधलेली रायफल भरलेली असताना कुणीही समोर जाता कामा नये. कार्ड बदलायच्या वेळी लिव्हर उघडी, बॅरलमधून आरपार सेफ्टी फ्लॅग (रायफल रिकामी असल्याची खूण), आणि सगळ्यांचे हात रायफलीपासून दूर. हे रोजच्या सरावात पाळलं जातंच. इथे मात्र दुसऱ्याच्या हातात दुसऱ्याची रायफल असते, लक्ष आकड्यांकडे असतं, म्हणून कार्ड बदलणाऱ्याने स्वतः मोठ्याने विचारायचं आणि उत्तर मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

कामं वाटलेली असतात. एक जण भरतो आणि ट्रिगर दाबतो, एक कार्ड बदलतो, एक छर्रे देतो, एक मोजून वहीत लिहितो. छर्रे देणाऱ्याचं काम हलकं वाटतं, पण चाचणीचा प्रामाणिकपणा त्याच्या हातात असतो. तो डब्या घेऊन बाजूला जातो, प्रत्येक बॅचमधले छर्रे साध्या छोट्या डब्यांत काढतो आणि त्यांवर अ, ब, क, ड अशी अक्षरं टाकतो. कोणतं अक्षर कोणत्या बॅचचं ते फक्त त्याला माहीत असतं. ट्रिगर दाबणाऱ्याला आपली आवडती बॅच समोर आहे हे कळलं की नकळत तिला झुकतं माप मिळतं. एखादा शॉट बाहेर गेला की ‘लिव्हर नीट बसली नव्हती, हा सोडून दे’ असं सुचतं, आणि नावडत्या बॅचच्या वेळी तेच सुचत नाही. म्हणून सुरुवातीलाच ठरवून टाकतो, की लागलेला कोणताही शॉट वगळायचा नाही. भरताना काही बिघडल्याची शंका असेल तर ती ट्रिगर दाबण्याआधी बोलायची आणि तो छर्रा बाजूच्या कार्डावर मारून टाकायचा.

छर्रा बोटांच्या टोकांनी, स्कर्टवर (मागच्या पोकळ, पातळ कडेवर) दाब न देता उचलायचा. शिसं मऊ असतं, नखाने दाबलेला स्कर्ट डोळ्यांना दिसत नाही आणि टार्गेटवर दिसतो. खोबणीत ठेवताना तो तिरका पडला तर लिव्हर तसाच ढकलून बंद करू नये. डबी उंचावरून पडली असेल तर तिच्यातले छर्रे सरावाला काढावेत. हे बोलण्यापेक्षा करून दाखवलेलं बरं पडतं, त्यामुळे नवीन कुणी आलं की त्याला आधी भरायच्या जागेवर बसवतो.

प्रत्येक बॅचला दहा शॉटची चार कार्डं मिळतात. पाच शॉटचा ग्रुप देखणा असतो, रायफलीसोबत कारखान्यातून येणारं चाचणीकार्डही बहुधा तसंच असतं, पण पाच शॉटवर बॅच ठरवणं धोक्याचं आहे. त्याच बॅचचा दहा शॉटचा ग्रुप सरासरीने पाच शॉटच्या ग्रुपपेक्षा साधारण सव्वापट मोठा येतो. छर्रा बिघडला म्हणून नव्हे, शॉट वाढले की टोकाचा शॉट पडण्याची संधी वाढते म्हणून. आणि एका बॅचचा पाच शॉटचा एखादा ग्रुप योगायोगाने फारच छान येऊ शकतो. कुणी मोबाइलवर असा एकच ग्रुप दाखवला की पहिला प्रश्न असतो, ‘बाकीची कार्डं कुठे आहेत?’

क्रमही महत्त्वाचा. पहिली फेरी अ, ब, क, ड अशी. दुसरी उलट, ड, क, ब, अ. तिसरी पहिल्यासारखी, चौथी दुसऱ्यासारखी. दुपारपर्यंत खोलीचं तापमान बदलतं, सिलिंडरचा दाब उतरतो, व्हाइस थोडी बसते. उलटसुलट क्रमामुळे हे बदल सगळ्या बॅचमध्ये वाटले जातात. बॅच बदलली की मोजायला सुरुवात करण्याआधी नव्या बॅचचे दहा शॉट बाजूच्या कार्डावर मारायचे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या छर्र्यांवर वेगळं वंगण असतं, बॅरलला नवीन थराची सवय व्हायला तेवढे शॉट लागतात. चार बॅचचे या हिशेबाने सुमारे 290 शॉट होतात. गेज 100 बारपर्यंत उतरलं की फेरी संपवून सिलिंडर बदलतो. रेग्युलेटर त्याखालीही बरोबर चालत असेल, पण चाचणीच्या मध्यावर ती शंका नको.

मोजमापात एक बारकावा आहे. चपट्या तोंडाचा मॅच छर्रा कागदात स्वच्छ भोक पाडतो, तरी ते बरोबर 4.5 मिलिमीटरचं नसतं. कागद परत आत येतो आणि भोक थोडं लहान दिसतं. म्हणून त्याच कागदाच्या कार्डावर एकेक सुटा शॉट मारून ती भोकं कॅलिपरने मोजायची आणि त्यांची सरासरी वजा करायची. कार्डामागे जाड पुठ्ठा लावला की कडा फाटत नाहीत. चांगल्या बॅचचे दहा शॉट एकच खडबडीत भोक करतात, आतले शॉट वेगळे ओळखू येत नाहीत, मग सर्वात दूरच्या दोन कडाच मोजता येतात. भरवशाचं इलेक्ट्रॉनिक टार्गेट उपलब्ध असेल तर प्रत्येक शॉटचं आडवं-उभं अंतर मिळतं आणि केंद्रापासूनची सरासरी काढता येते. ती जास्त बोलकी असते, कारण तिच्यात दोनच नव्हे, दहाही शॉटचा वाटा असतो.

कॅलिपर चालू असताना बाकीचे गप्पांना बसतात. मापाचा वाद ठरलेला. डबीवर 4.49, 4.50 अशी डोक्याची मापं लिहिलेली असतात. ‘माझ्या बॅरलला 4.50 च लागतं’ असं जो म्हणतो त्याच्याकडे 4.49 ची चांगली बॅच आलेली नसते, एवढाच अर्थ बऱ्याचदा निघतो. आमच्या वह्यांत बॅचमधला फरक मापातल्या फरकापेक्षा मोठा दिसतो. निवड करताना माप मोकळं ठेवावं आणि बॅचकडे पाहावं असं माझं ठाम मत आहे.

दुसरा वाद वजनाचा. रायफलीचा मॅच छर्रा साधारण 0.53 ग्रॅमचा. काही जण प्रत्येक छर्रा काट्यावर तोलून वेगळा करतात. वजनात एक टक्का, म्हणजे 0.005 ग्रॅम फरक असेल तर वेग अर्धा टक्का बदलतो आणि टार्गेटवर उभा फरक सुमारे 0.17 मिलिमीटर पडतो. एका दशांशाच्या पायरीपेक्षाही कमी. मोठ्या स्पर्धेआधी कुणाला तोलून समाधान वाटत असेल तर तोलावं, पण तो वेळ स्कर्ट तपासण्यात घातला तर जास्त कामी येतो. भिंगाखाली वाकलेली कड शोधायची आणि तो छर्रा सरावाच्या डबीत टाकायचा.

पिस्तूलवाले यातून लवकर सुटतात. त्यांच्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर आणि पात्रता फेरी पूर्णांकात, त्यामुळे वाईट बॅच टाळली की त्यांचं भागतं. त्यांची बैठक ग्रिप आणि ट्रिगरवर जमते. नियमाने पिस्तुलाचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा हवा. स्पर्धेच्या साहित्य-तपासणीत बॅरल उभी धरून ट्रिगरवर वजन टांगतात. बरोबर 500 वर लावलेला ट्रिगर एका वेळी ते वजन उचलतो आणि दुसऱ्या वेळी सुटतो, म्हणून 510 ते 520 वर ठेवणं शहाणपणाचं. ग्रिपला लाकडी पुट्टी भरताना एका वेळी पातळ थर द्यावा, वाळल्यावर हात बसवून पाहावा आणि मगच कानस हातात घ्यावी. काढलेलं लाकूड परत येत नाही. तपासणीची 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरची पेटी असते, पुट्टी भरून ग्रिप जाड झाली की पिस्तूल 50 च्या बाजूला अडकतं.

सगळी कार्डं मोजून झाली की अक्षरं उघड होतात. इथे घाई करू नये. चार कार्डांची सरासरी लिहायची आणि तिच्या शेजारी सर्वात वाईट कार्डही. सरासरीत थोडी मागे पण चारही कार्डं सारखी असलेली बॅच मला जास्त भरवशाची वाटते. एक सुरेख आणि एक भयंकर कार्ड देणाऱ्या बॅचमध्ये अधूनमधून खराब छर्रा असतो, आणि तो स्पर्धेत कोणत्या शॉटला येईल ते कुणाच्या हातात नसतं.

किती बारीक फरकामागे धावायचं, यावर आमच्यात मतभेद आहेत. मी हिशेब मांडतो तो असा. नेमबाजाचा स्वतःचा दहा शॉटचा फैलाव केंद्र ते केंद्र 5 मिलिमीटर धरा. छर्र्याचा फैलाव त्यात सरळ मिळवायचा नसतो. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. 2.0 मिलिमीटरच्या बॅचने एकूण फैलाव 5.4 होतो, 2.5 च्या बॅचने 5.6, आणि 4.0 च्या बॅचने 6.4. साठ शॉटांत पहिल्या दोघींतला फरक सरासरीने दीड-दोन गुणांचा येतो, पहिली आणि तिसरी यांच्यातला जवळजवळ आठ गुणांचा. म्हणजे वाईट बॅच ओळखून बाजूला काढणं हे प्रत्येकाचं काम आहे, चांगल्या दोन बॅचमधली उत्तम शोधणं हे ज्याचा स्वतःचा फैलाव खूप आवळलेला आहे त्याचं. नव्या नेमबाजाला आम्ही सांगतो, की मधली बॅच घे, उरलेले पैसे आणि वेळ ड्राय फायरला (छर्र्याशिवायच्या सरावाला) दे.

शेवटची पायरी खांद्यावरून. निवडलेल्या दोन बॅच पूर्ण पोशाखात, उभं राहून, प्रत्येकी दहा शॉटच्या दोन सिरीज. व्हाइसमध्ये दिसलेला फरक इथे दिसेलच असं नाही, आणि तो उद्देशही नसतो. बॅच बदलली की ग्रुपचं केंद्र हलतं, साइटचे किती क्लिक फिरवावे लागतात ते लिहून ठेवायचं असतं. पोशाख अंगावर असतोच, तर एकमेकांची जॅकेटं तिथेच मोजून घेतो: एका पदराची जाडी 2.5 मिलिमीटरच्या आत हवी, आणि ताठपणाच्या चाचणीत 1000 ग्रॅम वजनाखाली कापड किमान 3.0 मिलिमीटर दबलं पाहिजे. थंडीत कॅनव्हास ताठ होतं. 3.0 वर काठावर असलेलं जॅकेट स्पर्धेच्या सकाळी नापास होऊ शकतं, म्हणून ते गुंडाळून, चुरगाळून मऊ करण्याचं काम आधीच करावं.

मग डब्यांची वाटणी. एकच बॅच दोघांच्या बॅरलमध्ये चांगली निघाली तर दोघं मिळून तिच्या शक्य तितक्या डब्या घेतात, कारण ती संपली की तशीच परत मिळत नाही. 500 छर्र्यांच्या डबीत साठ शॉटचे आठ सामने निघतात, साइटिंग शॉट (सामन्याआधी नेम जुळवायचे) धरले तर पाच-सहाच. त्या हिशेबाने मोसमाची बेरीज करायची. ज्याच्या बॅरलला बॅच मानवली नाही तो आपल्या वाटच्या डब्या दुसऱ्याला देतो आणि बदल्यात दुसऱ्या बॅचच्या घेतो. इथे कुणी हातचं राखत नाही. पुढच्या महिन्यात शेजारच्या लेनवर तोच प्रतिस्पर्धी असणार हे सगळ्यांना माहीत असतं, तरी बॅच नंबर विचारला की खरा सांगितला जातो. तपासणीत कुणाचा फ्रंट साइटचा रिंग हरवला तर शेजारच्या लेनवरून पेटी उघडून पुढे येते, तसंच.

घरी जाण्याआधी साबणाने हात धुवायचे, शिशाची भुकटी बोटांवर बसलेली असते. तोवर खायचं काही उघडायचं नाही. डब्या कोरड्या जागी ठेवायच्या, दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते. प्रत्येक डबीवर बॅच नंबर, रायफलीचा क्रमांक, चाचणीची तारीख आणि चार कार्डांची सरासरी चिकटवायची. आणि चांगल्या बॅचमधले शंभर छर्रे वेगळ्या डबीत बंद करून ‘तुलनेसाठी’ असं लिहून ठेवायचं. पुढच्या चाचणीत नव्या बॅचसोबत यांचीही दोन कार्डं मारली की ग्रुप का बिघडला ते ओळखता येतं: जुन्या छर्र्यांचा ग्रुप तसाच राहिला तर दोष नव्या बॅचचा, त्यांचाही फुगला तर रायफल किंवा व्हाइस तपासायची.